पहिलं विरजण

९ जानेवारी

प्रिय ताई,

पत्र मठात तुझ्या हाती पडायला चार-पाच दिवस जातात, म्हणून विचारपूस बाजूला ठेवून थेट सांगतो. आईनं डायलिसिस बंद करायचं ठरवलं आहे. अगदी आजपासून नाही. तिनं मुदत दिली आहे. फेब्रुवारी संपेपर्यंत ती डायलिसिसला जात राहील. पुढचं तुझ्या-माझ्यावर आहे, असं तिचं म्हणणं.

झालं असं, की सोमवारी तिला डायलिसिस केंद्रावरून आणायला गेलो होतो. तू ती जागा पाहिलेली नाहीस. लांबट खोली, भिंतीला लागून खुर्च्या, प्रत्येकीशेजारी एक यंत्र. आत जाताना वजन, बाहेर येताना वजन, आणि मधले चार तास रक्त यंत्रातून फिरून परत अंगात. आई तिथे सगळ्यांची लाडकी आहे. 'जन्मभर दुधात पाणी घालणाऱ्यांना शिव्या दिल्या, आता माझ्याच अंगात पाणी साठतंय,' हा तिचा विनोद सिस्टर नव्या पेशंटला ऐकवतात. सोमवारी मात्र विनोद नव्हता. गाडीत बसल्यावर म्हणाली, "शेजारच्या खुर्चीवरचे मास्तर गेले."

मी म्हटलं, "अरेरे."

"अरेरे काय? मला एवढंच कळत नाही, ते होते कशाला?"

मी काहीतरी बोललो, की त्यांनी इतके विद्यार्थी घडवले वगैरे. ती म्हणाली, "आणि विद्यार्थी कशाला होते? असं मागे मागे जात राहा. शेवटी काय येतं? हे सगळं मुळात आहेच कशाला? नसतं तर कुणाचं काय अडलं असतं?"

मी हसण्यावारी नेलं. घरी आल्यावर तिनं आम्हा दोघांना, म्हणजे मला आणि बायकोला, समोर बसवलं. "दुखतंय म्हणून म्हणत नाही मी. दुखणं सोसता येतं. पण एवढा खटाटोप करून असायचं, तर असण्याला काही कारण हवं. माझ्या असण्याला नको, तो मोठेपणा झाला. मुळात काहीतरी असावं, याला कारण सांगा. तेवढं मिळालं की त्यात मीही आलेच. एक पोर मठात गेलं, एक कॉलेजात गेलं. दोघांना मी दही विकून वाढवलं. आता दोघं मिळून एवढं सांगा."

डॉक्टर म्हणाले उदासी आहे, आणि एक गोळी लिहून दिली. आई ती नेमानं घेते. म्हणते, "गोळीनं प्रश्न गेला तर सोन्याहून पिवळं." गेलेला नाही. जेवते, हसते, सुनेला टोमणे मारते, आणि प्रश्न जागच्या जागी.

ताई, मी दूध तपासणारा माणूस. संकलन केंद्रावर कॅनचं झाकण उघडून वास घ्यायचा, फॅट मोजायचं, पाणी पकडायचं. दूध आहेच कशाला, हे मला कोणी विचारत नाही. तू घर सोडलंस तेव्हा म्हणाली होतीस, की तुझे सगळे 'का' तिथे जाऊन संपतील. हा टोमणा नाही, खरंच मागतो आहे. संपले असतील तर त्यातलं थोडं आम्हाला दे. आणि शक्य असेल तर ये. पत्रातून सांगण्यापेक्षा समोर बसून सांगितलेलं तिला पटतं.

तुझा,
धाकटा


१७ जानेवारी

प्रिय धाकट्या,

तुझं पत्र गोठ्यात वाचलं. वाचून झाल्यावर पहिल्यांदा हसू आलं, हे खरं सांगते. आपण लहान असताना मी आईला विचारायचे, दही लावायला दही लागतं, मग पहिलं विरजण कुठून आलं? दुकानात गिऱ्हाईक उभं असायचं आणि ती न बघता म्हणायची, "आधी होतं म्हणून आता आहे. सर बाजूला." आता तिला तोच प्रश्न पडला आणि बाजूला सरायला आपण दोघं! व्याजासकट वसूल करते आहे.

मग हसू गेलं.

बाहेर पडायला आमच्याकडे थोरल्या बाईंची परवानगी लागते. ते तितकं सोपं नाही. तोपर्यंत जे मला मनापासून वाटतं ते लिहिते, तिला वाचून दाखव. घाईघाईनं वाचू नकोस, तू बातम्या वाचल्यासारखं वाचतोस.

आई, देवानं जग काही हवं होतं म्हणून केलं नाही. त्याला कशाची गरज असती तर तो देव कसला? पातेलं भरलं की दूध उतू जातं, तसं त्याचं असणं उतू गेलं आणि त्यातून हे सगळं झालं. कारण विचारशील तर भरलेपण, एवढंच. तू, मी, ते मास्तर, आपण त्या उतू गेलेल्यातले. म्हणून कुणीही फुकट नाही. तुझ्या खुर्चीत बसून सुई टोचून घेणंही फुकट नाही. मी रोज सकाळी धार काढताना हे स्वतःला सांगते, आणि बहुतेक दिवशी ते पुरतं.

इथे सगळं ठीक. दोन गाई व्यायल्या. घरून निघताना बाकीच्यांनी पोथ्या आणल्या होत्या आणि मी आईच्या दह्याचा डबा, म्हणून मला अजून 'दहीबाई'च म्हणतात. तेच विरजण इथे अजून चालू आहे, हे तिला सांग. तिला बरं वाटेल.

तुझी,
ताई


२६ जानेवारी

प्रिय ताई,

तुझं पत्र सावकाश वाचलं. आईची खाट आता खालच्या दुकानाच्या खोलीत आहे, संगमरवरी फळीच्या पलीकडे. जिने चढवत नाहीत. शटर अर्धं वर ठेवतो, म्हणजे तिला येणाऱ्या-जाणाऱ्यांचे पाय दिसतात. पायांवरून ती माणसं ओळखते.

'उतू जाणं' ऐकल्यावर ती बराच वेळ पाय बघत राहिली. मग म्हणाली, "पोरीनं छान लिहिलंय. पण दूध काय भांडं भरलं म्हणून उतू जातं? खाली कुणीतरी जाळ मोठा ठेवलेला असतो आणि लक्ष दुसरीकडे असतं."

मला हसू आवरलं नाही. ती हसली नाही. म्हणाली, "आणि तो? तो कशाला आहे?"

मी म्हटलं, "आई, तिथे थांबायचं असतं."

"का? दमलो म्हणून?"

मग माझी पाळी. माझ्याकडे स्वतःचं असं काही नाही, म्हणून कॉलेजातल्या मित्राला घेऊन आलो. तुला तो आठवेल, दुकानात उभ्या उभ्या दोन वाट्या दही संपवायचा. आता भौतिकशास्त्र शिकवतो. त्यानं खुर्ची ओढून घेतली आणि एखाद्या वर्गासमोर बोलावं तसं मन लावून सांगितलं. अगदी काहीच नाही अशी अवस्था टिकत नाही; रिकाम्या जागेतही सतत काहीतरी उमटतं आणि मिटतं; कदाचित त्यातूनच कधीतरी हे सगळं फुगत गेलं असेल. आई म्हणाली, "म्हणजे धुतलेला कॅन. रिकामा म्हणतात, पण झाकण उघडलं की दुधाचा वास येतोच. तुमच्या 'काहीच नाही'त बरंच काही दिसतंय, बाबा."

तो प्रामाणिक माणूस आहे. म्हणाला, "मावशी, खरं सांगू? 'कसं' आमच्याकडे बरंचसं आहे. 'का' नाही. पण मी तुम्हाला उलटं विचारतो. काहीच नसणं हे साहजिक आणि असणं म्हणजे नवल, असं आपण का धरून चालतो? असणंच साहजिक असेल तर?"

मला वाटलं, हे पटेल. मला तर पटलं. आई म्हणाली, "नसायला काही लागत नाही ना, म्हणून. मी झोपले की कुणाचं काही लागत नाही. उठले की गाडी लागते, सुई लागते, सून लागते."

दार लावताना मित्र म्हणाला, "तुझी आई जिंकली." तो चुकला, ताई. ती जिंकली की तिचा चेहरा पडतो. तिला हरायचं आहे. आपल्यापैकी कुणीतरी तिला हरवावं म्हणून ती दोन महिने थांबायला तयार झाली आहे, आणि आपल्याला ते जमत नाही.

तुझ्या परवानगीच्या नियमाबद्दल मी चार दिवस विचार करतो आहे. लिहावं की नाही कळत नव्हतं, लिहितो. ज्यानं तो नियम केला त्याला आई होती का?

आणखी एक. तिला सांगितलेलं नाही, तुला सांगतो. डिसेंबरात ती दवाखान्यात होती तेव्हा आम्ही दोघंही तिकडेच. घरातलं विरजण नासलं. तार सुटली होती, वास येत होता. टाकून द्यावं लागलं. तेव्हापासून बाजारचं आणून त्याच भांड्यात लावतो. तिला दही बंदच आहे, पण ती रोज सकाळी झाकण काढून बघते, बोटानं भांडं हलवते, आणि झाकते. आजोबांपासून कधी तुटलं नाही, असं आपण सगळ्या जगाला सांगितलं. 'आधी होतं म्हणून आता आहे' हे एकच कारण तिनं आयुष्यात दिलं आहे. तेही खोटं पडलं, हे तिला आत्ता कळू नये. तुझ्याकडचं पाठवता येईल का?

धाकटा


५ फेब्रुवारी

धाकट्या,

सोबत कापडाची पट्टी आहे. स्वच्छ सुती कापड ताज्या दह्यात भिजवून सावलीत वाळवलं, पुन्हा भिजवलं, पुन्हा वाळवलं. कोमट दुधात टाक. पहिल्यांदा नीट लागणार नाही, पातळ होईल. त्याचंच थोडं घेऊन पुन्हा लाव. तिसऱ्यांदा धरेल. धीर धर, चमच्यानं ढवळत बसू नकोस.

नियमाबद्दल लिहिलंस ते वाचलं. राग आला, मग राग कशाचा आला ते बघत बसले. त्यावर आत्ता काही लिहीत नाही. मला यायला जमत नाही एवढंच समज, आणि कृपा करून पुन्हा विचारू नकोस.

आईच्या 'तो कशाला आहे' ला माझ्याकडे उत्तर नाही. शिकवलेली उत्तरं आहेत. तो स्वतःच स्वतःचं कारण, हे त्यातलं सगळ्यात जुनं. मी ते इतरांना सांगते, आणि ते माना डोलावतात. आईला सांगायची हिंमत होत नाही. ती म्हणेल, "म्हणजे जामीनही तोच आणि आरोपीही तोच?" मला तिचा आवाजसुद्धा ऐकू येतो.

इथे गोठ्यात एक वासरू गेल्या आठवड्यात गेलं. दोन दिवसांचं. त्याला नाव ठेवायचं राहिलं होतं. गाय अजून हंबरते. तिच्यापाशी उभं राहून मी 'भरलेपण' म्हणून बघितलं. गाईनं माझ्याकडे पाहिलं, बस.

तिला एवढंच सांग: कारण सापडो न सापडो, मला ती हवी आहे. हे उत्तर नाही हे मला माहीत आहे. तरी सांग.

ताई


१६ फेब्रुवारी

प्रिय ताई,

लागलं! तिसऱ्यांदा धरलं, तू लिहिलं होतंस तसंच. घट्ट, वरून गुळगुळीत, भांडं तिरकं केलं तरी हललं नाही. बायको, जिला दह्याचा वासही सहन होत नाही, तीसुद्धा "वा" म्हणाली. मी दिवसभर दुधात असतो, घरी दही मला बघवत नाही. पण त्या दिवशी चमचाभर खाल्लं. लहानपणची चव होती की मला तसं वाटलं, हे सांगता येत नाही. मला हल्ली माझ्या जिभेवरही विश्वास ठेवताना दोनदा विचार करावा लागतो.

आईला डॉक्टरांना विचारून एक चमचा दिला. तिनं तो तोंडात धरून ठेवला. मग म्हणाली, "हे पोरीचं."

मी गडबडलो. "म्हणजे?"

"रोज भांडं हलवून बघते, मला कळणार नाही? डिसेंबरपासून बाजारचं आहे. सूनबाईला चोरी लपवता येत नाही, तिचे कान लाल होतात." मग म्हणाली, "तुमच्या तोंडाकडे बघून गप्प बसले. आणि मीच कोण मोठी? माझंही तुटलं होतं."

ताई, ऐक. बाबा दुधाच्या गाडीसकट अपघातात गेले त्या महिन्यात घरातलं सगळं नासलं होतं. तू नऊ वर्षांची, मी सहा. आईला उठवत नव्हतं. विरजण गेलं. मागच्या गल्लीतली ती घारी बाई, जिच्याशी आईचं नळावरून भांडण होतं आणि बोलणं बंद होतं, तिनं न सांगता एक वाटी दही आणून फळीवर ठेवली आणि काही न बोलता गेली. आपलं 'आजोबांपासूनचं' विरजण म्हणजे त्या घारीचं. तुझ्या मठातलंही तेच. आईनं आपल्याला सांगितलं नाही, कारण आपल्याला ती आजोबांची गोष्ट आवडायची.

मी विचारलं, "पण मग तू परत लावलंस कशाला? तेव्हा तर तुला काहीच नको होतं."

"दूध आलं होतं ना दारात. रतीब कुणी बंद केला नव्हता. काय करणार होते त्याचं?"

मी जवळजवळ उडालोच. म्हटलं, "आई, मग हेच! हेच कारण! दूध दारात आलं, बस. त्याच्या मागे काही लागत नाही."

ती माझ्याकडे मायेनं बघत होती. म्हणाली, "ते कारण नाही रे राजा. ती सवय."

तुझा निरोपही सांगितला. 'मला ती हवी आहे.' ती म्हणाली, "हो, ते मला माहीत आहे," आणि कूस बदलली.

तरी मला आशा वाटते. तिनं दुसऱ्या दिवशी आपण होऊन पुन्हा चमचाभर मागितलं. केंद्रावर सिस्टरला म्हणाली, "माझ्या पोरीच्या हातचं दही खाल्लं, आज यंत्राला जास्त काम." ज्याला जायचं आहे तो असं बोलेल का? मला वाटतं मार्चमध्येही ती केंद्रावर जात राहील. तिनं मुदत आपल्याला धावपळ करायला लावण्यापुरती दिली असावी. तुझी धावपळ संपली असं समज.

धाकटा


२ मार्च

ताई,

ती गेली नाही. केंद्रावर जायला काल गाडी दारात आली. आई आंघोळ करून, केस विंचरून दुकानाच्या पायरीवर बसली होती. मला वाटलं तयार आहे. ड्रायव्हरला म्हणाली, "बाबा, तू जा. खूप नेलंस मला." त्याला काही कळेना. तो हॉर्न वाजवत राहिला.

मी ओरडलो, ताई. रस्त्यावर, लोकांसमोर. माझ्या तोंडून निघालं, "कारण नाही म्हणून काय मरायचं?" ती म्हणाली, "मरण्यालाही कारण नाहीच. दोन्हीकडे सारखंच आहे. मी दमले, एवढंच. तुम्ही दोघांनी मनापासून शोधलंत, ते मी बघितलं." आणि माझा हात धरून आत आली, कारण पायरी तिला एकटीनं चढवत नाही.

डॉक्टर म्हणतात आठवडा, फार तर दोन. जबरदस्ती करता येत नाही, ती पूर्ण शुद्धीवर आहे.

पुन्हा विचारू नकोस म्हणाली होतीस. विचारतो. ये.


६ मार्च

धाकट्या,

हे पत्र तुला मिळेल तेव्हा मी तिथे असेन. तरीही लिहिते, कारण तुझ्या तोंडावर हे मला सांगता येणार नाही.

परवानगी मला जानेवारीतच मिळाली होती. तुझं पहिलं पत्र आलं त्याच संध्याकाळी मी थोरल्या बाईंकडे गेले. त्या शेंगा सोलत होत्या. म्हणाल्या, "जा की. पण तिला काय सांगशील?"

मी म्हटलं, "देव आहे, असं सांगेन."

"ते तिला माहीत नाही?"

"माहीत आहे."

"मग तेवढ्यासाठी एवढ्या लांब? काय सांगायचं ते ठरव आणि जा. मी अडवणार नाही."

मी ठरवत बसले. परवानगी मिळत नाही असं मी तुला कुठेच लिहिलं नव्हतं. लागते, असं लिहिलं होतं. बघ, इतकी वर्षं देवाच्या दारात राहून ही कसरत शिकले. रोज पहाटे बसायचे, आज सुचेल, उद्या निघेन. मी रिकाम्या हातानं घरी कशी येऊ? सगळं सोडून ज्याच्यासाठी आले, ते मागितल्यावर माझ्याकडे नाही, हे आईच्या समोर उभं राहून कसं सांगू? तू नियमाला नावं ठेवत होतास, आणि मी त्या नियमाच्या आड बसून राहिले होते.

आज तुझं पत्र घेऊन बाईंकडे गेले. म्हटलं, "काही ठरलेलं नाही. तरी जाते."

म्हणाल्या, "अगं, मग इतके दिवस थांबलीस कशाला?"

गाडी सकाळची आहे.

ताई


२ एप्रिल

प्रिय ताई,

तू सुखरूप पोचल्याचं कार्ड मिळालं.

तुझं सहा तारखेचं पत्र तू इथे असतानाच आलं होतं. तू आईचे पाय चेपत होतीस. पाकिटावरचं तुझं अक्षर बघून मी ते खिशात घातलं, आणि तू गेल्यावर उघडलं. त्यावर मी काही लिहीत नाही. तुझ्या जागी मी असतो तर काय केलं असतं, याचा विचार केला. बहुतेक हेच केलं असतं, आणि तुझ्याइतकं खरं लिहिलंही नसतं.

तू आत आलीस तो क्षण मी पुन्हा पुन्हा आठवतो. अर्ध्या शटरखालून आधी तुझे पाय दिसले. इतक्या वर्षांनी, वेगळ्या चपला, तरी आई म्हणाली, "आली." तू वाकून आत आलीस, पिशवी हातातच. तिनं विचारलं, "सापडलं?" तू नाही म्हणून मान हलवलीस. मला वाटलं आता आई कोसळणार. आई म्हणाली, "बरं. ये, बस."

बस्स. पुढे पाच दिवस कुणीच तो विषय काढला नाही. मला राहून राहून वाटतं, काढायला हवा होता का? त्या 'बरं'मध्ये काय होतं? सुटका होती, की तिनं आपला नाद सोडून दिला होता? मित्र म्हणतो, तिला उत्तर नकोच होतं, तुम्ही हवे होतात. लोकांना असं काही बोलता आलं की बरं वाटतं. मला तसं मानता येत नाही. तिनं खरंच विचारलं होतं. तिला खरंच हवं होतं. आपण दिलं नाही, कारण आपल्याकडे नव्हतं, आणि ती त्याशिवाय गेली.

तिच्या हातातल्या त्या शिरेवर, जिथे सुया टोचायचे, हात ठेवला की घरघर जाणवायची, मांजर धरल्यासारखी. शेवटी तुझा हात तिथे होता. तूच म्हणालीस, "थांबली." तुझ्या आवाजात जे होतं ते मी दूध तपासताना ऐकतो, कॅनच्या ओळीपुढे उभा असताना, मध्येच.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. क्षुल्लक आहे. फ्रिजमध्ये तू पाठवलेल्या पट्टीचं, म्हणजे त्या घारीचं, म्हणजे कुणाचं कोण जाणे, वाटीभर दही उरलं आहे. तू लावून गेली होतीस तेच. वरून पाणी सुटलंय. आज लावलं नाही तर ते जाईल. घरात दही खाणारं आता कोणीही नाही. बायकोला वास सोसत नाही, मला बघवत नाही. दुकान बंद होऊन चार वर्षं झाली. तुझ्याकडे मठात ते आहेच, त्यामुळे इथलं गेलं तरी तुटणार नाही. मी सगळ्या बाजूंनी तपासून पाहिलं. लावायचं एकही कारण मला सापडत नाही.

पण आज सवयीनं दूध जास्त घेतलं गेलं. ते तापवून ठेवलं आहे. बायको दारात उभी राहून विचारते आहे, "लावायचं का?" मी म्हटलं, थांब, ताईला विचारतो.

तुझं उत्तर यायला आठ-दहा दिवस लागतील, हे मला कळतं. मी आत्ता बोट बुडवून बघितलं. कोमट झालंय. आता अगदी बरोबर आहे.

लावू का गं?

तुझा,
धाकटा